स्टेशनपासून पाच मिनिटांवर

कथा-कवितांना वाचक उरले नाहीत, अशी ओरड आपल्याकडे कायम चालू असते. घरांच्या जाहिरातींना वाचक उरले नाहीत, असं मात्र कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. लोकलच्या डब्यात, रिक्षाच्या पाठीवर, रविवारच्या पेपरात पानभर आणि आता इन्स्टावर दोन रील्सच्या मध्ये हा मजकूर आपण रोज वाचतो. वाचतोय हे लक्षातही न येता वाचतो. मग एकदा त्याच्याकडे मजकूर म्हणूनच बघू या.

या मजकुराचा नायक ठरलेला आहे: शहराजवळचं छोटं गाव. बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत, टिटवाळा, आसनगाव, पुण्याकडे तळेगाव. विशेषणंही ठरलेली. 'निसर्गाच्या कुशीत', 'गोंगाटापासून दूर', आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर'. जरा व्याकरणाच्या अंगानं पाहिलं तर या वाङ्मयाचा सगळा भार एकाच शब्दावर आहे: 'पासून'. स्टेशनपासून, हायवेपासून, होऊ घातलेल्या मेट्रोपासून, विमानतळापासून. घर दुसऱ्या कशापासून तरी किती लांब आहे, एवढंच आपल्याला कळतं. 'त' हा प्रत्यय शोधून सापडत नाही. या गावात काय आहे? या गल्लीत कोण राहतं? या नदीत पाणी कसं आहे? त्यावर जाहिरात गप्प.

आणि ही पाच मिनिटं कुणाची? ती असतात रविवारी सकाळी साइट दाखवायला नेणाऱ्या गाडीची. सोमवारी शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहिलं की तीच पाच मिनिटं वीस होतात. बदलापूर मुंबईच्या सीएसएमटीहून सुमारे ६८ किलोमीटर आहे. पण जाहिरातीत किलोमीटर येत नाहीत, मिनिटंच येतात. किलोमीटर मोजता येतात, मिनिटं सांगता येतात.

म्हणजे छोट्या गावाची ओढ हीच थाप आहे का? अजिबात नाही. ती ओढ खरी आहे, जुनी आहे आणि तिच्यामागे सबळ कारणं आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. ही ओढ आपण ज्या भाषेत मांडतो, ती भाषा शहराची आहे. जाहिरात तर विकायलाच बसलेली; पण आपला सिनेमा आणि आपलं साहित्यही छोट्या गावाबद्दल बरंचसं 'पासून'मध्येच बोलत आलं आहे. त्याचे परिणाम नुसते वाङ्मयीन नाहीत. त्यात लोकांची आयुष्यं खर्ची पडतात.

दाराची गोष्ट

सुरुवात दारापासून झाली. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' (१९७०) बघा. चाळीतलं घर, माणसांनी भरलेलं. नवं लग्न झालेलं जोडपं. त्यांना एकांत मिळत नाही. गोष्ट म्हटली तर एवढीच. बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत 'पिया का घर' (१९७२) केला. दोन्ही चित्रपट हसतखेळत जातात, पण हसता हसता प्रेक्षकाला ठाऊक असतं की इथं प्रश्न प्रेमाचा नाहीच. लावून घेता येईल अशा एका दाराचा आहे. भीमसेन यांच्या 'घरौंदा'मध्ये (१९७७) हसू संपतं. अमोल पालेकर आणि झरीना वहाब पै-पै साठवून, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर नोंदवतात. बिल्डर पैसे बुडवतो. मग घरासाठी प्रेमाचाच हिशेब मांडला जातो आणि तो बघताना पोटात गोळा येतो.

या चित्रपटांमागचं वास्तव साधं होतं. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुनी भाडी गोठली. भाड्यानं द्यायला नवी घरं बांधण्यात मालकांना रस उरला नाही. पागडी परवडेना आणि खोलीत माणसं वाढत गेली. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावातल्या अनेक कुटुंबांच्या पायाखालची जमीनच सरकली. रेल्वे तर १८५४ सालीच कल्याणपर्यंत पोचली होती. रूळ आधीपासून तयार होते, माणसं मागाहून आली.

गिरगावातल्या किंवा परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतून डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये आलेल्या बाईला काय मिळालं, याची यादी करून बघा. लावता येणारं दार. घरातला संडास. स्वतःचा नळ. गॅलरीत तुळस. दुपारी घटकाभर कुणी न बघता आडवं होण्याची मुभा. या यादीत निसर्ग नाही, डोंगर नाही, शुद्ध हवा नाही. ते सगळं पुढं, दार मिळाल्यावर आलं. आज साडेचारशे स्क्वेअर फुटांना नाक मुरडणाऱ्यांनी ही यादी लक्षात ठेवावी. पहिल्या पिढीची ओढ अगदी रोखठोक होती आणि डोंबिवलीनं ती पुरी केली.

गाडी दिसली, गाव दिसलं नाही

निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' (२००५) या विषयावरचा सगळ्यात गाजलेला मराठी चित्रपट. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, पुढे तमिळमध्येही केला गेलेला. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे हा बँकेतला सरळमार्गी माणूस. गजर, अंघोळ, डबा, फलाट, गाडी, ऑफिस, गाडी, जेवण, झोप. पुन्हा गजर. ती साखळी कामतांनी अशी काही फिरवली आहे की प्रेक्षकालाच गुदमरायला होतं. मग एक दिवस आपटेचा तोल सुटतो आणि त्याच्या हातात बॅट येते.

चित्रपट चांगला आहेच. पण नावात डोंबिवली असूनही त्यातून आठवतं काय? गाडी, फलाट आणि बॅट. डोंबिवली आठवत नाही. फडके रोडवरची दिवाळीची पहाट, गणेश मंदिराचा परिसर, वाचनालयात पेपरसाठी थांबलेले आजोबा, क्लासहून घोळक्यानं परतणारी मुलं, यातलं काही आपटेच्या वाट्याला येत नाही. हा दिग्दर्शकाचा दोष म्हणता येणार नाही. आपटेचं वास्तवच तसं आहे. ज्याच्या नावावर घराचं कर्ज आहे, त्याला ते घर दिवसाच्या उजेडात फक्त रविवारी दिसतं.

इथंच आपल्या साहित्यातली एक मोठी रिकामी जागा दिसते. चाळीला पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' मिळाली. चाळीतलं एकेक बिऱ्हाड आपल्या ओळखीचं झालं. शहराबाहेरच्या सोसायट्यांना तेवढं सर्वांच्या तोंडी बसलेलं पुस्तक मिळालं नाही. असं नव्हे की तिथं लेखक नव्हते. पु. भा. भावे डोंबिवलीचे, शं. ना. नवरे डोंबिवलीचे. २०१७ साली ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीतच भरलं. लेखक होते, वाचक होते, सभागृहं होती. तरीही छोट्या उपनगराची मराठी मनातली प्रतिमा म्हणजे खचाखच भरलेली लोकल.

मला याचं एक कारण दिसतं. ज्यानं लिहायचं तो गाडीत होता. छोट्या गावाचा दिवस ज्यांच्या वाट्याला येतो ते कोण? घर सांभाळणाऱ्या बाया, शाळकरी मुलं, निवृत्त माणसं, भाजीवाले, रिक्षावाले, शिक्षक, घरकामाला येणाऱ्या मावशी. गाव खऱ्या अर्थानं जगतात ते हे लोक. घर विकत घेणारा एक आणि गाव उपभोगणारे दुसरे. चाकरमान्याला गावाबद्दल जे ठाऊक असतं ते सकाळी अंधारात स्टेशनकडे जाताना आणि रात्री भाजीची जुडी घेऊन परतताना दिसलेलं. त्यानं लिहिलं तर गाडीबद्दलच लिहिणार. चौथी सीट, दारातलं भांडण, डब्यातलं भजन, बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेची गाडी पकडून मागं जाणं. हे सगळं आपल्या लेखनात, स्टँडअपमध्ये, मीम्समध्ये भरपूर आलं. सकाळी अकरा वाजताचं बदलापूर फारसं आलंच नाही.

चुंबक नेलं, बाकी सोडलं

शहराजवळच्या छोट्या गावाची ओढ ज्यानं सगळ्यात नीट मांडली, तो माणूस ना लेखक होता ना बिल्डर. एबेनेझर हॉवर्ड हा लंडनमधला एक लघुलेखक. त्याचं पुस्तक १८९८ साली आलं आणि १९०२मध्ये 'गार्डन सिटीज ऑफ टुमॉरो' या नावानं पुन्हा निघालं. त्यातलं एक चित्र जगभर गेलं: तीन चुंबकं आणि मध्ये माणसं. पहिलं चुंबक शहराचं: रोजगार आहे, करमणूक आहे, पण भाडं भारी आणि हवा घाण. दुसरं खेड्याचं: हवा छान, पण काम नाही, सोबत नाही. तिसरं चुंबक या दोघांतलं चांगलं घेऊन केलेल्या छोट्या शहराचं. माणसं तिकडे आपोआप ओढली जातील, असा त्याचा हिशेब.

आपल्या जाहिराती हेच तिसरं चुंबक दाखवतात. पण हॉवर्डच्या योजनेतली दोन कलमं त्यांनी गाळली आहेत. पहिलं, काम गावातच असायला हवं. ३२ हजार वस्तीच्या त्याच्या गावात कारखाने आणि बाजार होते, भोवती शेती होती; रोज लंडनला जाण्यासाठी गाव बांधायचं हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. दुसरं कलम त्याहून मोठं. जमीन सगळ्या गावाच्या सामाईक मालकीची. वस्ती आली की जमिनीचा भाव वाढतो. हॉवर्डचं म्हणणं, ही वाढ वस्तीनं निर्माण केली आहे, तर ती वस्तीलाच परत मिळाली पाहिजे. १९०३ साली लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ हे गाव या विचारानं उभं राहू लागलं.

आपल्याकडे याच्या जवळपास जाणारा प्रयत्न झाला तो नवी मुंबईचा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली. अपेक्षा अशी होती की सरकारी कचेऱ्या तिकडे जातील, मग व्यापार जाईल, मग माणसं जातील. मंत्रालय काही हललं नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटवर टॉवर चढत होते. वाशीला लोकल पोचायला १९९२ उजाडलं. जमिनीच्या कलमाचं काय झालं, हे जाणायचं तर जानेवारी १९८४ आठवा. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. जमिनीचा वाढलेला भाव कुणाचा, हा हॉवर्डचाच प्रश्न होता. इथं तो रस्त्यावर सोडवावा लागला.

कामाचं कलम तर आपल्याला ठाऊक होतं आणि आपण ते विसरलो. कल्याणच्या आसपासची गावं नेहमी निव्वळ झोपायची गावं नव्हती. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी होती, आगपेट्यांचा विमकोचा कारखाना होता. शहाडला रेयॉन, मोहोन्याला एनआरसी. भोंग्यावर घड्याळं लागत. पायी किंवा सायकलवर कामाला जाणारी हजारो माणसं याच पट्ट्यात राहत होती. एनआरसी २००९मध्ये बंद पडली. असा एकेक भोंगा थांबला तशी ती माणसंही फलाटावर आली. 'शहराजवळ' हा गुण नंतर चिकटला. आधी ही गावं स्वतःजवळच होती.

'पासून'ची किंमत

बदलापूरची वस्ती २००१च्या जनगणनेत लाखाच्या आत होती. २०११मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतरचा आकडा जनगणनेनं दिलेला नाही, पण संध्याकाळच्या गाडीनं तो केव्हाच सांगितला आहे. ज्या मोकळेपणासाठी माणूस येतो तो मोकळेपणा येणाऱ्या प्रत्येक माणसानं थोडा कमी होतो, हे उघड आहे. त्याबद्दल नव्यानं आलेल्यांना दोष देणं मात्र दांभिकपणाचं. आधी आलेल्यानं आपल्या मागं दार लावून घ्यायचं, हा न्याय नव्हे. प्रश्न माणसं किती आली हा नाही. आलेल्यांसाठी आणि आधीच असलेल्यांसाठी गावात काय उभं राहिलं, हा आहे.

उल्हास नदीचंच घ्या. माहितीपत्रकात ती 'रिव्हर व्ह्यू' असते. २७ जुलै २०१९ला याच नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजारेक प्रवाशांना बोटींनी सोडवावं लागलं. नदी काही अचानक वागली नाही. पावसाळ्यात पसरायला तिला जागा लागते, आणि ही जागा कुठवर असते ते काठावरच्या जुन्या गावांना माहीत होतं. 'व्ह्यू' या शब्दात ती माहिती मावत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी कातकरी आणि ठाकूर वाड्या आहेत. बारवी धरणाची उंची वाढवताना गावं उठली. गुंठ्यावर जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा त्याच जमिनीवरच्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर वॉचमन म्हणून बसतो, तेव्हा 'निसर्गाच्या कुशीत' हे शब्द त्याच्या कानाला कसे लागत असतील? त्याच्या लेखी त्या जागेला नाव होतं, बांध होते, जांभळाची झाडं होती. बदलापूरची जांभळं बाजारात नावानं विकली जात.

आणि मिनिटांची किंमत. ९ जून २०२५च्या सकाळी मुंब्रा स्टेशनजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. काही जण तिथंच गेले. बातम्यांत गर्दीची चर्चा झाली, स्वयंचलित दारांची झाली, वळणाची झाली. ती व्हायलाच हवी. पण मागचा प्रश्न तसाच राहिला: एवढ्या माणसांना रोज एकाच वेळी एकाच दिशेला का जावं लागतं? पन्नास वर्षांपूर्वी लोक घराच्या दारासाठी चाळ सोडून इकडे आले. आता गाडीच्या दारात जीव जातो. दोन दारांच्या मधल्या अंतरावर कुणी घर विकतं, कुणी मतं मागतं. ते अंतर कमी करण्याचा खरा उपाय, म्हणजे कामच इकडे आणणं, कुणाच्याच होर्डिंगवर नसतो.

आता 'त'मध्ये बोला

गेल्या काही वर्षांत या वाङ्मयात एक नवा प्रकार आला आहे. २०२०च्या टाळेबंदीत काही जणांना घरून काम करायची सवलत मिळाली आणि छोट्या गावाच्या रील्सचा पाऊस पडला. बाल्कनी, चहाचा कप, समोर चंदेरीचा सुळका, ढग, मागं हळवं संगीत. मला या रील्सची टिंगल करायची नाही. जाहिरातीपेक्षा त्या एका बाबतीत सरस आहेत: त्यात तिथं राहणारं कुणीतरी असतं. पाऊस त्या क्षणी खरोखर पडत असतो. पण ही सगळी दृश्यं रविवार सकाळची. मे महिन्यातला पाण्याचा टँकर, सरकारी दवाखान्यातली रांग, खड्ड्यात अडकलेली रिक्षा, हे त्या चौकटीत बसत नाही. आणि गंमत म्हणजे चांगलंही बरंचसं बसत नाही.

कारण छोट्या गावाचं खरं आकर्षण बाल्कनीतून दिसत नाही. ते माणसांनी हातानं उभं केलेलं असतं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालू आहे. बदलापूरला 'ग्रंथसखा' आहे. जुनी मराठी पुस्तकं शोधणारे लोक लांबून वाट वाकडी करून तिथं जातात. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आज गावोगाव निघते. तिची सुरुवात १९९९ साली डोंबिवलीतून झाली. अंबरनाथचं शिवमंदिर अकराव्या शतकातलं आहे, म्हणजे मुंबई नावाचं महानगर अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधीचं. यातली एकही गोष्ट कशा'पासून' किती मिनिटांवर आहे म्हणून मोलाची नाही. शिवाय रोजच्या गोष्टी आहेतच: उधारीची वही न काढता सामान देणारा वाणी, आजारपणात न सांगता डबा पाठवणारी शेजारीण, शाळेत जाताना पोराला तिसऱ्या माणसानं ओळखणं. शहर एकांत देतं, खेडं ओळख देतं. छोट्या गावात दोन्ही पुरेशा मापात मिळतात, हे त्याचं खरं चुंबक. मात्र हे माप कुणीतरी राखावं लागतं.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा जाहिरात जरूर वाचा, पण समीक्षकासारखी वाचा. रविवारी जाऊ नका, मंगळवारी जा. सकाळी सातला स्टेशनवर उभे राहा आणि दुपारी अकराला बाजारात. पैसे न देता बसता येईल अशी जागा गावात कुठं आहे, ते विचारा. मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, ते दुकानदाराला विचारा. तुम्ही दिवसभर गाडीत असाल तेव्हा घरातली बाकीची माणसं या गावात काय करतील, ते त्या माणसांनाच विचारा.

आणि ज्यांचा जन्मच इथला आहे, त्यांच्याकडून माझी जास्त अपेक्षा आहे. डोंबिवलीत, बदलापुरात वाढलेल्या मुलांना आजही कुणी विचारलं, 'गाव कुठलं?', तर उत्तर येतं रत्नागिरी, सातारा, जळगाव. जिथं वर्षातून चार दिवस जातो ते गाव. जिथं सायकल शिकलो, पडलो, पहिल्यांदा कुणी आवडलं, ती मात्र नुसती राहायची जागा. बदलापूर या नावाबद्दल सांगतात की पूर्वी इथं घोडे बदलायचे, दमलेले सोडून ताजे घ्यायचे आणि पुढं निघायचं. गेली कित्येक वर्षं आपण या गावांना तसंच वागवतो आहोत. 'गाव कुठलं?' या प्रश्नाला कुणीतरी सरळ 'बदलापूर' म्हणेल आणि तिथल्या सकाळी अकराबद्दल पुस्तक लिहील, फिल्म करील, नाहीतर निदान एखादी रील मंगळवारी काढील. ती मला बघायची आहे.